‘पोलीस ॲक्शन’ म्हणायचं का ठरलं? सोलापूरच्या हद्दीवरची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात दोन शब्द हमखास येतात. पहिला ‘मोगलाई’. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, लातूर हा निजामाच्या राज्यातला सगळा मुलूख म्हणजे मोगलाई. तिकडे निजामाचा हाली सिक्का चालायचा, इकडे इंग्रजी राज्यातला कलदार रुपया. मालावर तिकडच्या नाक्यांवर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. दुसरा शब्द ‘ॲक्शन’, म्हणजे १९४८ ची भारताची हैदराबादवरची लष्करी कारवाई. जन्म, लग्न, दुष्काळ यांचा हिशोब ॲक्शनच्या आधी की नंतर असा लावणारी पिढी आता संपत आली आहे.

हा दुसरा शब्द लोकांच्या तोंडी रुळला असला, तरी तो मुळात सरकारी आणि कायद्याचा आहे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची चिलखती डिव्हिजन सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागली. सोबत रणगाडे होते, वर विमानं होती. तरीही दिल्लीने त्याला युद्ध म्हटलं नाही. युद्ध दोन राष्ट्रांत होतं. युद्ध म्हटलं की हैदराबाद हे वेगळं राष्ट्र असल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं. घरातल्या बंदोबस्ताला पोलीस जातात, म्हणून ‘पोलीस ॲक्शन’.

मुळात हा घोळ इंग्रजांनी जाताना करून ठेवला. भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या ७ व्या कलमाने संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता १५ ऑगस्ट १९४७ ला संपली. ती भारताकडेही आली नाही आणि पाकिस्तानकडेही गेली नाही, नुसती विरून गेली. कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवलं तर प्रत्येक संस्थानिक मोकळा झाला होता. अक्कलकोटसारखी संस्थानं १९४८ मध्ये फारसा गाजावाजा न होता मुंबई प्रांतात विलीन झाली. पण हैदराबाद ८२ हजार चौरस मैलांचं, दीड कोटीहून जास्त वस्तीचं. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने जून १९४७ मध्येच फर्मान काढून आपण स्वतंत्र होणार असल्याचं सांगून टाकलं. वॉल्टर मॉंक्टन यांच्यासारखा नामांकित इंग्रज वकील त्याचा सल्लागार होता.

मला या सगळ्या वादातली एकच गोष्ट फार खुपते. त्या कायद्यात संस्थान म्हणजे संस्थानिक. रयत काय म्हणते हे विचारायची तरतूदच नाही. हैदराबादेत जबाबदार राज्यपद्धती नव्हती, आणि लोकसंख्येचा फार मोठा भाग ज्या धर्माचा होता, त्याला सत्तेत नाममात्र जागा होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसला १९३८ मध्ये स्थापनेआधीच बंदी झाली. त्याच वर्षी डिसेंबरात लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात आर्य समाजाची आर्य परिषद भरली आणि निजामाविरुद्धच्या पुढच्या सत्याग्रहाची दिशा तिथे ठरली. मोगलाईत सभा घेता येत नसे, म्हणून ती सोलापुरात होई.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात एक वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला. तो दोन्ही बाजूंनी मोडल्याच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. निजाम सरकारने भारतीय चलनावर निर्बंध घातले आणि पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज देऊ केलं; हैदराबादचं म्हणणं होतं की भारताने आर्थिक नाकेबंदी केली आहे. लातूरला वकिली केलेला कासीम रझवी रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचा, नेता झाला आणि त्याच्या लोकांनी गावं जाळायला सुरुवात केली. घरंदारं सोडून आलेली कुटुंबं हद्द ओलांडून सोलापूर, बार्शीकडे आली. हद्दीलगत स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. मे १९४८ मध्ये मद्रास-मुंबई मेलवर गाणगापूर स्टेशनात हल्ला झाला. दत्तदर्शनाला जायची ती रोजची वाट होती, त्यामुळे त्या बातमीने सोलापूर किती हादरलं असेल ते समजू शकतं. जुलैत बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला चकमक झाली आणि भारतीय सैन्याने ते ताब्यात घेतलं.

२१ ऑगस्टला हैदराबादने थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे अर्ज केला. सनदेच्या ३५ व्या कलमानुसार सभासद नसलेलं राष्ट्रसुद्धा वाद परिषदेपुढे नेऊ शकतं. पण त्यासाठी आधी ‘राष्ट्र’ असावं लागतं, आणि वाद नेमका तोच होता. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये बैठक भरली तेव्हा फौजा नळदुर्ग घेऊन पुढे गेल्या होत्या. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा म्हणून आठ मतं पडली, विरोधात एकही नाही. चीन, सोव्हिएत संघ आणि युक्रेन तटस्थ राहिले. हैदराबाद हे राष्ट्र कधी नव्हतंच, हा भारतातर्फे रामस्वामी मुदलियार यांचा मुद्दा. दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला, निजामाने शस्त्रसंधी जाहीर केला. २२ तारखेला त्याची तार गेली की तक्रार मागे घेतो. लष्कराच्या ताब्यात असलेल्या राज्यकर्त्याच्या तारेला कायद्यात किती किंमत द्यायची, हा वाजवी प्रश्न होता. मे १९४९ मध्ये पाकिस्ताननेही परिषदेत हा विषय काढला. ठराव झाला नाही, विषय मात्र पुढे अनेक वर्षं परिषदेच्या यादीत पडून राहिला.

लष्करी अंमल म्हणजे काय हे सोलापूरला वेगळं सांगावं लागत नाही. १२ मे ते ३० जून १९३० या काळात हे शहर मार्शल लॉखाली होतं, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. म्हणूनच हद्दीपलीकडे १९४८ मध्ये जे घडलं तेही याच शहराने डोळे उघडे ठेवून वाचायला हवं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या पथकाने ॲक्शनच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, म्हणजे आजचा धाराशिव, आपला शेजार. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. रझाकारांचे अत्याचार खरे होते आणि हेही खरं आहे. निरपराध शेतकऱ्याचा, विणकराचा रझवीच्या पापाशी काय संबंध?

चौधरी लष्करी गव्हर्नर म्हणून १९४९ अखेरपर्यंत होते. २३ नोव्हेंबर १९४९ ला निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना आपल्या राज्याला लागू केली. २६ जानेवारी १९५० पासून तोच राजप्रमुख, म्हणजे राज्याचा घटनात्मक प्रमुख, आणि मुख्यमंत्री म्हणून सनदी अधिकारी वेल्लोडी. ज्याच्याविरुद्ध फौज गेली, त्याच्याच सहीने लोकशाही आली. कायद्याचं सातत्य राखायला दिल्लीला ती सही हवी होती. जुनागढ संस्थानात फेब्रुवारी १९४८ मध्ये सार्वमत झालं, हैदराबादेत झालं नाही. लोकांना पहिल्यांदा विचारलं गेलं ते १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, प्रौढ मतदानाने. माझ्या मते ॲक्शनला खरी मान्यता मिळाली ती तिथे. बुर्गुल रामकृष्ण राव निवडून आलेले पहिले मुख्यमंत्री झाले, आणि तेलंगणात नुकतीच बंदूक खाली ठेवलेले कम्युनिस्ट मोठ्या संख्येने विधानसभेत बसले. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यच विसर्जित झालं. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि सोलापूरची मराठवाड्याकडची हद्द दोन जिल्ह्यांमधली साधी हद्द उरली.

एक धागा मात्र लंडनमध्ये राहिला. २० सप्टेंबर १९४८ ला हैदराबादच्या खात्यातले सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवले गेले. निजामाने दावा लावला. १९५७ मध्ये तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की परक्या सार्वभौम राष्ट्रावर इथे खटला चालणार नाही. पैसे गोठले, व्याजाने वाढत साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेले. २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या उच्च न्यायालयाने ते निजामाचे वारस आणि भारत यांच्या बाजूने दिले. भारताने हैदराबाद बेकायदा घेतलं हा पाकिस्तानचा मुद्दा सुनावणीत आला होता. पैसे कोणाचे हे ठरवायला त्या प्रश्नाचं उत्तर लागत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.