प्रथिनांना अडवणारी प्रथिनं

लघवीला फेस येतो आणि तो लवकर बसत नाही, अशी तक्रार कुणी केली की डॉक्टर आधी लघवीतली प्रथिनं तपासायला सांगतात. आज हे काम एका पट्टीवर होतं. रिचर्ड ब्राइट हे इंग्लिश डॉक्टर १८२७ च्या सुमारास ते चमच्यात करायचे. रुग्णाची थोडी लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची. ती गढुळली, तिच्यात पांढरट साका धरू लागला, तर आत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, आहे असं समजायचं. अंड्यातला पांढरा बलक तापवल्यावर गोठतो, त्यातलाच हा प्रकार. अंगावरची सूज, लघवीतलं अल्ब्युमिन आणि शवविच्छेदनात दिसणारी बिघडलेली किडनी ही एकाच आजाराची लक्षणं आहेत, हे ब्राइट यांनी दाखवून दिलं. पण एरवी हे अल्ब्युमिन किडनीत नेमकं कुठे आणि कशामुळे अडतं, हे कळायला पुढे दीडशेहून जास्त वर्षं लागली.

हे अडवणं किती मोठं काम आहे, याचा हिशोब घालून बघा. किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. तेवढ्या रक्तद्रवात, लिटरला ४० ग्रॅम धरलं, तर सात किलोहून जास्त अल्ब्युमिन असतं. निरोगी माणसाच्या लघवीतून त्यातलं दिवसाला ३० मिलिग्रॅमसुद्धा बाहेर जात नाही. गाळणीतून निसटलेलं थोडंफार पुढच्या नलिका परत शोषून घेतात हे खरं, पण मुख्य बंदोबस्त गाळणीचाच.

ही गाळणी म्हणजे ग्लोमेरुलस, केशवाहिन्यांचा एक इवलासा गुंता. प्रत्येक किडनीत असे सरासरी दहा लाख गुंते असतात. माणसागणिक हा आकडा बराच बदलतो. केशवाहिनीच्या भिंतीला तीन पदर. आतल्या पेशींच्या पदराला भोकं असतात, साधारण ६० ते १०० नॅनोमीटरची. अल्ब्युमिनचा रेणू जेमतेम सात नॅनोमीटर रुंद, म्हणजे त्याला ही भोकं वेशीसारखी मोकळी. मधला पदर बेसमेंट मेम्ब्रेनचा, त्याला आपण तळपडदा म्हणू. त्यात पेशी नाहीत, तो नुसता प्रथिनांचा विणलेला. जाडी ३०० ते ३५० नॅनोमीटर. बाहेरून या सगळ्याला पोडोसाइट नावाच्या पेशी आपले पाय पसरून मिठी मारून बसलेल्या असतात. शेजारच्या दोन पेशींचे पाय एकमेकांत गुंतवलेल्या बोटांसारखे बसतात आणि त्यांच्यामध्ये सुमारे ४० नॅनोमीटरची फट राहते. तिच्यावरही एक झिरझिरीत पडदा ताणलेला असतो.

मधला पदर कशाचा बनलाय हे शोधायची जुनी पद्धत मला फार आवडते. गाळणीचा अभ्यास चक्क गाळूनच केला गेला. किडनीचा बाहेरचा भाग एकाहून एक बारीक जाळ्यांतून दाबून काढायचा. ग्लोमेरुलस आकाराने ठरावीक असल्यामुळे योग्य जाळीवर तेवढेच अडकून राहतात. मग ध्वनिलहरींनी पेशी फोडायच्या, धुऊन टाकायच्या, की मागे उरतो फक्त तळपडदा. त्याचं पृथक्करण केल्यावर ग्लायसीन आणि हायड्रॉक्सीप्रोलीन ही अमिनो आम्लं भरपूर सापडली. ही कोलॅजेनची, म्हणजे शरीराला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाची, ओळखखूणच.

पण हे कातडीतलं किंवा हाडांतलं, दोरखंडासारखं कोलॅजेन नव्हे. हा त्याचा चौथा प्रकार, आणि तो दोरखंड न वळता जाळं विणतो. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळून एक लांब धागा होतो; असे चार धागे एका टोकाला जुळतात, तर दुसऱ्या टोकाच्या गाठीशी दोन धागे समोरासमोर येऊन भिडतात. ही दुसरी गाठ पक्की करणारा गंधक आणि नायट्रोजन यांच्यातला बंध सजीवांत तोवर कुणी पाहिलेलाच नव्हता. तो २००९ मध्ये सापडला. तो जुळवायला ब्रोमीन लागतं, हे २०१४ मध्ये कळलं. तोपर्यंत प्राण्यांच्या शरीरात ब्रोमीनचं एखादं अत्यावश्यक काम ठाऊक नव्हतं.

गर्भात हे जाळं अल्फा-१ आणि अल्फा-२ साखळ्यांचं असतं. किडनी पक्व होताना त्याच्या जागी अल्फा-३, ४ आणि ५ या तीन साखळ्यांचं जाळं येतं. त्यात जोडटाके जास्त, म्हणून ते टिकाऊ. टिकाऊपणा लागतोच, कारण इथल्या केशवाहिन्यांत दाब सुमारे ५० मिलिमीटर पाऱ्याइतका, शरीरातल्या इतर केशवाहिन्यांपेक्षा चांगलाच जास्त. या तीन साखळ्यांपैकी एक जरी बनली नाही तर उरलेल्या दोघी विणल्याच जात नाहीत, आणि जन्मभर गर्भातल्याच जाळ्यावर भागवावं लागतं. सुरुवातीची वर्षं ते भागतंही. पुढे पडदा उसवू लागतो, त्याचे पापुद्रे सुटतात, लघवीत रक्त दिसतं, मग प्रथिनं, मग किडनी निकामी.

हाच अल्पोर्ट सिंड्रोम. आर्थर सेसिल अल्पोर्ट यांनी १९२७ मध्ये अशा एका कुटुंबाचं वर्णन करताना दोन गोष्टी टिपल्या होत्या: लघवीतून रक्त जाणाऱ्यांना ऐकूही कमी येतं, आणि पुरुष तरुणपणी दगावतात तर बायका म्हातारपणापर्यंत जगतात. १९९० मध्ये अल्फा-५ चं जनुक एक्स गुणसूत्रावर सापडलं आणि दोन्हींचा उलगडा झाला. पुरुषाकडे एकच एक्स, तोच बिघडलेला असला तर दुसरी प्रत नाही. कानाचं म्हणाल, तर हेच कोलॅजेन कानाच्या आतल्या शंखातही असतं, आणि डोळ्याच्या भिंगावरच्या आवरणातही.

अशा रुग्णाला दुसऱ्याची किडनी बसवली की प्रश्न सुटायला हवा, आणि बहुतेकांचा सुटतोही. थोड्या रुग्णांमध्ये मात्र विचित्र घडतं. नव्या किडनीतलं कोलॅजेन पूर्णपणे निरोगी असतं, पण या शरीराने ते जन्मात कधी पाहिलेलं नसतं. शरीर त्याला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून धडधाकट गाळणीवर हल्ला चढवतं. याची उलटी बाजू म्हणजे गुडपाश्चर आजार. तिथे माणूस स्वतःच्याच अल्फा-३ साखळीच्या टोकावर उलटतो. हा तुकडा एरवी गाठीच्या आत लपलेला असतो. गाठ सैल झाली की उघडा पडतो. तो फुप्फुसातही असल्यामुळे एकाच वेळी लघवीतून आणि खोकल्यातून रक्त येऊ शकतं.

तळपडद्यात कोलॅजेनखेरीज लॅमिनिन, निडोजेन आणि अॅग्रिन ही प्रथिनंही असतात. लॅमिनिनची बीटा-२ साखळी नसलेल्या बाळांना जन्मतःच प्रथिनगळती असते. अॅग्रिनबद्दल थोडं सावधपणे बोलायला हवं. त्याला चिकटलेल्या हेपारन सल्फेटवर, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांवर, ऋणभार असतो, अल्ब्युमिनवरही ऋणभार, म्हणून पडदा त्याला ढकलून लावतो, असं अनेक वर्षं शिकवलं गेलं. दिसायला सुरेख स्पष्टीकरण. पण उंदरांच्या पोडोसाइटमधून अॅग्रिन काढून टाकलं तेव्हा पडद्यावरचा भार घटला, गळती मात्र फारशी झाली नाही.

राहिली पायांमधली ती फट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहून १९७४ मध्येच तिच्या पडद्याचं चित्र मांडलं गेलं होतं: बॅगेच्या चेनसारखे दोन्ही बाजूंनी दाते, मधोमध एक काठी. दाते कशाचे, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. उत्तर फिनलंडमधून आलं. तिथे दर आठ हजारांत साधारण एक बाळ असं जन्मतं, की पोटात असतानाच त्याच्या लघवीतून प्रथिनं जात असतात. कार्ल ट्रिग्व्हासन यांच्या गटाने १९९८ मध्ये त्यामागचं जनुक शोधलं. त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला नेफ्रिन नाव मिळालं. दोन शेजारी पायांवरून नेफ्रिनचे रेणू फटीत डोकावतात आणि मध्ये एकमेकांना धरतात. दोनच वर्षांनी पोडोसिन सापडलं. ते नेफ्रिनला पेशीच्या आवरणात जागेवर रोवून ठेवतं. नेफ्रिन अजिबातच नसलेल्या मुलांना नवी किडनी दिल्यावर काहींमध्ये अल्पोर्टसारखाच घोळ होतो: नवं नेफ्रिन परकं ठरतं आणि गळती पुन्हा सुरू होते.

मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसणाऱ्या नेफ्रॉटिक (लघवीतून खूप प्रथिनं जाऊन अंगाला सूज येणाऱ्या) आजारात तर जनुकं बहुतेकदा ठीकच असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किडनीही ठीक दिसते. म्हणून त्याचं नावच ‘मिनिमल चेंज’, म्हणजे नाममात्र बदलाचा आजार. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र पोडोसाइटचे पाय सपाट होऊन एकमेकांत मिसळलेले दिसतात. स्टिरॉइड दिले की बरीच मुलं काही आठवड्यांत सुधारतात, आणि ती का सुधारतात हे कोडंच होतं. २०२२ मध्ये अशा काही रुग्णांच्या रक्तात त्यांच्या स्वतःच्याच नेफ्रिनविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. लघवीतली प्रथिनं थांबली, तेव्हा ती प्रतिपिंडंही ओसरलेली होती.