फ्रेझल व्हर्ब

इंग्रजी व्याकरणातील एक संज्ञा. साध्या क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आउट', 'डाउन' यांसारखे छोटे अव्यय जोडून, दोन्ही शब्दांच्या अर्थांची बेरीज करून सहसा हाती न लागणारा अर्थ ज्या जोडक्रियापदातून निघतो, त्याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर; 'गिव्ह अप' म्हणजे मात्र नाद सोडणे. परदेशी शिकणाऱ्यांना या जोडण्या सर्वांत जड जातात, हे सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते. संज्ञा त्यामानाने अलीकडची असून निबंधकार लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ मध्ये ती वापरताना तिचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले.

फ्रेंच व लॅटिनमधून आलेले भारदस्त शब्द आणि ही देशी जोडक्रियापदे इंग्रजीत शेजारी-शेजारी नांदतात : 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ' (पुढे ढकलणे), 'एक्स्टिंग्विश' आणि 'पुट आउट' (विझवणे). पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्याच्या ओळखीचा असतो तो पहिला शब्द, बोलण्यात अधिक येतो तो दुसरा; त्यामुळे अग्रलेख सहज वाचणारा माणूसही साध्या गप्पांत अडखळतो.

गोंधळाचे मोठे कारण अनेकार्थता हे आहे. गजर 'गो ऑफ' होतो तेव्हा तो वाजू लागतो, दिवे 'गो ऑफ' होतात तेव्हा ते विझतात, आणि ब्रिटिश बोलीत दूध 'गो ऑफ' झाले की ते नासलेले असते. उलट, अर्ज 'फिल इन' करा किंवा 'फिल आउट' करा, तो भरलाच जातो. शब्दक्रमाचेही नियम आहेत. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत, परंतु कर्माच्या जागी सर्वनाम आले की 'टर्न इट ऑफ' एवढेच चालते. 'लुक आफ्टर' (सांभाळणे) यासारख्या जोडणीत कर्म मध्ये येऊ शकत नाही.

मराठी भाषकाला हा प्रकार वाटतो तितका परका नाही. 'खाऊन टाक' यात काही फेकायचे नसते आणि 'उठून दिसणे' यात कोणी उठत नाही. 'टाकणे' येथे क्रियेची पूर्तता दाखवते. 'ईट अप', 'यूज अप' यांतील 'अप' जवळपास तेच काम करतो, म्हणून त्याचा अर्थ 'वर' असा घेतला की वाट चुकते. संस्कृत उपसर्गांचीही हीच रीत आहे : प्रहार, आहार, विहार, संहार आणि परिहार हे सारे एकाच 'हृ' धातूचे. फरक इतकाच, की मराठी अर्थ वळवण्यासाठी दुसरे क्रियापद घेते, संस्कृत धातूच्या आधी उपसर्ग लावते, आणि इंग्रजी हे काम मागून येणाऱ्या एखाद्या छोट्या अव्ययावर सोपवते.

मराठीत या क्रियापदांपासून बनलेली नामे तर कधीच रुळली आहेत : चेकअप, मेकअप, ब्रेकडाउन, बॅकअप. भारतीय इंग्रजीने काही जोडण्यांना स्वतःचे वळणही दिले. 'पास आउट' म्हणजे आपल्याकडे पदवी घेऊन बाहेर पडणे; इंग्लंड-अमेरिकेतील रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ शुद्ध हरपणे असा होतो, मात्र ब्रिटनमध्ये लष्करी प्रशिक्षण पूर्ण करण्यालाही हाच शब्द आहे. भारतात सर्रास ऐकू येणाऱ्या 'कोप अप विथ' (निभावून नेणे) मधील 'अप' प्रमाण इंग्रजीत नाही. 'कीप अप विथ'च्या (बरोबरीने चालत राहणे) धर्तीवर तो आत शिरला असावा.