पेपर निवडा, मुले नकोत

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की हॉस्टेलात नापासांची यादी निघते आणि त्यांच्यासाठी जादा तास सुरू होतात. ज्यांना गरज असते तीच मुले तिथे फिरकत नाहीत, कारण त्या खोलीत शिरणे म्हणजे आपण 'ढ' असल्याची जाहीर कबुली. शिवाय तोवर एटीकेटी लागून गेलेली असते.

१९७३ साली अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी संकुलात डीॲना मार्टिन यांनी हे गणित उलटे मांडले. ज्या विषयात साधारण ३० टक्के किंवा जास्त मुले अडकतात तो विषय हेरायचा आणि त्याची जादा अभ्यासाची सत्रे पहिल्या आठवड्यांपासूनच सर्वांना खुली ठेवायची, हुशारांनाही. सत्र शिक्षक घेत नाही, तो पेपर आधी सोडवलेला सीनियर घेतो. निवासी कॉलेजला हे सोयीचे, कारण सीनियर त्याच इमारतीत राहतो आणि शेवटची बस चुकायची भीती नसते. जुलैच्या पावसात गोव्यातल्या फर्मागुडीच्या पठारावर ही सोय लहान नव्हे.

हे आपल्याकडे सुरू करायचे तर आधी मागच्या तीन वर्षांचा निकाल पेपरवार काढा आणि सर्वांत अवघड दोनच पेपर घ्या. पाच घेतले की एकही धड चालत नाही. सीनियर चांगल्या गुणांचा हवा, पण टॉपरच हवा असा हट्ट नको. ज्याला सगळे एका दमात कळले, त्याला दुसऱ्याचे घोडे कुठे अडते ते दिसत नाही. सीनियरला मानधन द्या. फुकटचे काम परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी गळते.

सत्र आठवड्यातून दोनदा, जेवणानंतर, ५० ते ६० मिनिटांचे. पहिली दहा मिनिटे वह्या बंद. कोऱ्या कागदावर त्या आठवड्याचे जे आठवेल ते लिहायचे. मुले इथे कुरकुरतात, आणि नेमकी हीच दहा मिनिटे मोलाची असतात. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासले. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवडाभराने मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, तर मधे एकदा न पाहता आठवून लिहिलेल्यांना ५६ टक्के. पुनर्वाचनाने मजकूर ओळखीचा होतो, आणि ती ओळख आपल्याला समज वाटते.

मग एकच उदाहरण. समजा इंजिनीअरिंग मेकॅनिक्समधली गुळगुळीत भिंतीला टेकलेली शिडी. मुले वजन दाखवतात, भिंतीचा आणि जमिनीचा लंब रेटा दाखवतात आणि थांबतात. इथे सीनियरने 'घर्षण विसरलास' म्हणायचे नाही. 'भिंत शिडीला बाहेर ढकलते, मग ती सरकत का नाही?' एवढेच विचारायचे आणि गप्प बसायचे. अर्ध्या मिनिटाची शांतता जड वाटते, पण तेवढ्यात कोणीतरी जमिनीलगत भिंतीच्या दिशेने बाण काढतो. बहुतेक सत्रे इथेच बिघडतात. सीनियरला राहवत नाही, तो फळा भरतो आणि दुसरे लेक्चर सुरू होते. खडू ज्युनियरच्या हातात ठेवणे हा साधा इलाज.

भाषेचेही पाहा. सत्तरी, पेडणे, काणकोणची कितीतरी मुले मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेतून पाचवीत इंग्रजीकडे वळलेली असतात. चर्चा मराठी-कोकणीत होऊ द्या. उत्तराचा शेवटचा मसुदा तेवढा इंग्रजीत लिहून घ्या, कारण पेपर इंग्रजीत असतो.

गणेश चवथीला हॉस्टेल रिकामे होते. परतल्यावर पहिल्या सत्रात नवे काही घेऊ नका, सुटीआधीच्या भागावर पूर्ण तास कोरा कागद द्या. बराच विसर पडलेला असेल, पण थोडे विसरून पुन्हा आठवलेले जास्त टिकते. सत्र दहाच्या आत संपवा. झोप कापून केलेल्या अभ्यासातले फारसे टिकत नाही.

हजेरीत फक्त डोकी मोजा. नावे वॉर्डनकडे गेली की पुन्हा तीच 'ढ' यादी तयार होते. आणि यश मोजताना येणाऱ्यांची न येणाऱ्यांशी तुलना करून खूश होऊ नका, कारण मुळात हौशी मुलेच जास्त येतात. त्या पेपरचा एकूण निकाल मागच्या तीन वर्षांशेजारी मांडून पाहा.