कुत्र्यानं मोर धरला तर मालक सुटतो का?

नागपुरात गोरेवाडा, काटोल रोडकडं जंगलाच्या कडेला राहणारे बरेच जण सांगत असतात की कुत्र्यानं ससा-मोर मारला तर केस होतच नाही, मुका जीव आहे, त्याला काय कळते. भाऊ, हे साफ चुकीचं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त बंदुकीपुरती नाही, जनावर हाकलणं, पकडणं, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा त्यात येते, म्हणजे तुम्ही पट्टा काढून "छू" म्हटलं नं, तर शिकारी तुम्हीच. मोर अनुसूची १ मधे, म्हणजे कायद्यानं सगळ्यात जास्त संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, गुन्हा सिद्ध झाला तर कमीत कमी ३ वर्षं जेल, वरून २५ हजारांपेक्षा कमी दंड नाही. आणि मेलेला मोर सरकारी मालमत्ता असते, तो घरी आणणं हा वेगळा गुन्हा.

शेजाऱ्याच्या बकऱ्यांचंही तसंच. मुद्दाम कुत्रा सोडून बकरी मारली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू शकते, ५ वर्षांपर्यंत शिक्षा. चुकून पट्टा सुटला तर ते शिकारीत येत नाही, पण निष्काळजीपणा दिसला तर नुकसानभरपाईचा दावा होतोच. गाभण बकरी गेली की त्या माणसाचं वर्षाचं गणित बिघडते हो, म्हणून जंगलाच्या कडेला पट्टा हातातच ठेवा.