पैसा झाडांवर, कार्बन चिखलात

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका खाडीवर एका कंपनीचा वृक्षारोपणाचा कार्यक्रम होता. चिखलाची हौस म्हणून मीही गेलो. ओहोटीला उघड्या पडलेल्या मऊ गाळात एकसारखे टी-शर्ट घातलेली माणसं कांदळाच्या हातभर लांब शेंगा खोचत होती. फोटो झाले, वडापाव झाला, बॅनर गुंडाळून मंडळी परतली. पुढच्या पावसाळ्यानंतर पाहतो तर एक शेंग जागेवर नाही. कुणी उपटल्या नव्हत्या, गुरांनीही खाल्ल्या नव्हत्या. जागाच चुकली होती. इथे आधीपासून कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, का नाही, एवढं तरी कुणी विचारायला हवं होतं.

हे आठवायचं कारण म्हणजे ‘निसर्गात गुंतवणूक’ हा सध्या जिकडेतिकडे ऐकू येणारा शब्द. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जैवविविधतेचा जागतिक करार झाला. त्यात निसर्गासाठी २०३० पर्यंत वर्षाला २०० अब्ज डॉलर उभे करायचं ठरलं. सरकारी तिजोऱ्यांमधून एवढा पैसा निघणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून खासगी पैशाला आवतण. पण पैसा लावणारा परतावा मागतो आणि उभं जंगल तोडल्याशिवाय काही विकत नाही. त्यावर निघालेली तोड म्हणजे कार्बन क्रेडिट. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर ठेवला की एक क्रेडिट, आणि ते विकत घेणारी कंपनी आपल्या धुराच्या खात्यात तेवढी वजावट दाखवणार. खारफुटीच्या क्रेडिटला बाजारात चांगला भाव मिळतो. का मिळतो, ते कळायला चिखलात उतरावं लागेल.

खाडीच्या चिखलात बोट खुपसा. वरचा पापुद्रा तपकिरी आणि लगेच खाली काळाकुट्ट लगदा. वास सडक्या अंड्याचा. तपकिरी थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, कारण ऑक्सिजन तेवढाच खाली पोचतो. हवेपेक्षा पाण्यात तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो आणि वरच्या थरातले जिवाणू त्याला तिथेच संपवतात.

आता खालच्या जिवाणूंनी काय करायचं? गळालेली पानं, मेलेली मुळं खाणं म्हणजे त्यातल्या कार्बनकडून इलेक्ट्रॉन काढून कुणाच्या तरी पदरात टाकणं. घेणाऱ्यांमध्ये ऑक्सिजन सगळ्यांत फायद्याचा. तो नसला की नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह आणि मग सल्फेट, अशी उतरंड लागते. प्रत्येक पायरीला हाती लागणारी ऊर्जा कमी होते, म्हणून खाणंही मंदावतं. त्यात लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन ऑक्सिजनशिवाय फोडणं महाकठीण. झाडाची मुळं मरतात, पण कुजत नाहीत. लोणच्याच्या बरणीतल्या फोडींसारखी मुरत पडतात.

खरी गंमत सल्फेटची आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं आणि भरती ते दिवसातून दोनदा घरपोच आणून देते. सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याचाच तो वास. हा वायू लोहाशी जुळून काळं आयर्न सल्फाइड होतो, पुढे पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज. सल्फेटवाले जिवाणू हायड्रोजन आणि ॲसिटेट हे खाद्य इतक्या खालच्या पातळीपर्यंत वेचतात की मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना उपाशी राहावं लागतं. गोड्या पाण्याच्या दलदलीत सल्फेट नसतं, त्यामुळे तिथे मिथेनवाल्यांचं राज्य. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक, म्हणजे दलदलीने एका हाताने पुरलेल्या कार्बनची किंमत दुसऱ्या हाताने बरीच उडवलेली असते. खारट चिखल ती उधळपट्टी फारशी करत नाही.

पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो, हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान आता ‘खारफुटी म्हणजे ऑक्सिजनचा कारखाना’ इथवर पोचलंय. खारफुटीचं मोल आहे ते तिच्या बुडाशी ऑक्सिजन पोचत नाही म्हणून.

आता आकडे. हिंद आणि प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातल्या खारफुटीची मोजणी २०११ साली प्रसिद्ध झाली. सरासरी साठा हेक्टरी १,०२३ टन कार्बन आणि त्यातला ४९ ते ९८ टक्के जमिनीखाली. उलट चिखलात दरवर्षी नव्याने पुरला जाणारा कार्बन हेक्टरी दीड-दोन टन. (कार्बनचे टन कार्बन डायऑक्साइडमध्ये आणायला ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणायचं.) म्हणजे वर्षाची नवी बचत साडेपाच ते सात टनांची आणि मुद्दल पावणेचार हजार टनांच्या आसपास. तिथे कोळंबीचं तळं खणलं, चिखल उपसून उन्हात टाकला, की मुद्दल हवेत जायला लागतं. वर पायराइटला ऑक्सिजन मिळून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, आणि काही वर्षांत तळंही नासतं.

म्हणून शहाणा व्यवहार आधी मुद्दल राखतो. केनियाच्या दक्षिण किनाऱ्यावर गाझी उपसागरात २०१३ पासून ‘मिकोको पामोजा’ हा प्रकल्प चालू आहे. स्वाहिलीत त्याचा अर्थ ‘खारफुटी, सगळे मिळून’. एकूण क्षेत्र ११७ हेक्टर, त्यातलं १०७ हेक्टर आधीपासून उभं असलेलं जंगल आणि लागवड फक्त १० हेक्टर. वर्षाला सुमारे ३,००० टनांची क्रेडिट विकली जातात. तो पैसा पिण्याचं पाणी आणि शाळेची पुस्तकं यांवर खर्च होतो आणि तो कुठे लावायचा हे गावकरी ठरवतात. आकार लहान आहे, गुंतवणूकदाराच्या तोंडाला पाणी सुटावं असा अजिबात नाही. मला तो आवडतो, कदाचित म्हणूनच.

मोठा पैसा पाहायचा तर सिंधू नदीच्या मुखाशी, पाकिस्तानच्या सिंध प्रांतात जावं लागतं. तिथल्या खारफुटीचा प्रकल्प साडेतीन लाख हेक्टरांचा. २०२२ च्या लिलावात त्याची क्रेडिट टनाला २७.८० डॉलरने गेली. वरची वर्षाची बचत सहा टन धरून तिला हा दर लावला, तर नुसत्या चिखलाच्या बचतीचे हेक्टरी पावणेदोनशेच्या आत डॉलर होतात. झाडांच्या वाढीचे वेगळे. हिशेब चोख दिसतो, पण झाडं जगली तर.

फिलिपाईन्समध्ये लागवडीवर प्रचंड पैसा ओतूनही दीर्घकाळ जगणारी रोपं बहुतेक ठिकाणी १० ते २० टक्केच निघाली. कारण तेच, आमच्या खाडीवरचं. मालकीचे तंटे नसलेली जागा म्हणजे भरतीरेषेच्या फार खालचा उघडा गाळ. तिथे कांदळ खोचला. मुळात अशा पुढच्या रांगेत उतरतात त्या तिवर आणि चिप्पी या खारफुटीच्या दुसऱ्या जाती. त्यांचीही मुळं फार तर तीस टक्के वेळ पाण्याखाली राहिलेली चालतात, त्यापुढे गुदमरतात. बरीचशी खाजणं, म्हणजे खाडीकाठच्या खारट दलदली, रोपं न लावताही परत येतात. बंद केलेलं पाणी मोकळं करायचं आणि जमिनीची उंची काही सेंटिमीटर जुळवायची, बिया भरतीबरोबर आपोआप येतात. पण बांध फोडण्याच्या कार्यक्रमाला टी-शर्ट छापत नाहीत.

रायगडमध्ये हा प्रयोग कुणी न ठरवताच झालाय. जुने खारबांध फुटले, दुरुस्ती झाली नाही, उधाणाचं पाणी भातशेतीत शिरलं आणि पाठोपाठ तिवर आले. कार्बन तिथे आता मुरतोय. त्याचं क्रेडिट मात्र शेतकऱ्याला मिळणं अवघड, कारण नियम सांगतो की तुमच्या पैशाशिवाय जे झालंच नसतं त्याचीच विक्री करता येईल, आणि बांध तर आपसूक फुटला. तिवर तोडून पुन्हा भात लावावा, तर खासगी जमिनीवरच्या खारफुटीलाही उच्च न्यायालयाच्या आदेशाचं संरक्षण आहे. सात-बारावर त्याचं नाव अजून आहे आणि पीक पाहणीला तो होडीतून जातो.