ॲप मागे गेल्यावर काय चालतं आणि काय थांबतं: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवं ॲप करून घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक पहिल्याच बैठकीत म्हणतात, "ॲप उघडलेलं नसलं तरी मागे सतत चालू राहिलं पाहिजे." वाक्य एकच असलं तरी प्रत्येकाच्या मनात वेगळं काम असतं. कुणाला नवी मागणी आली की फोन वाजायला हवा असतो. कुणाला बाहेर फिरणारा कर्मचारी नकाशावर दिसायला हवा असतो, कुणाला दिवसभराची नोंद आपोआप सर्व्हरवर चढायला हवी असते आणि कुणाला ठरल्या वेळी आठवण हवी असते. फोनच्या लेखी ही चार वेगवेगळी कामं आहेत. प्रत्येकाची परवानगी वेगळी, बंधनं वेगळी आणि खर्चही वेगळा.

म्हणून आमची एक विनंती आहे. "सतत" हा शब्द बाजूला ठेवा आणि प्रत्येक कामाला किती उशीर झाला तर चालेल, ते सांगा. पाच सेकंद, पंधरा मिनिटं, की उद्या सकाळपर्यंत? या एका उत्तरावर बाकीचं जवळजवळ सगळं ठरतं.

फोन ॲपला थांबवतो कशासाठी

बॅटरी, मेमरी आणि वापरणाऱ्याची खाजगी माहिती, ही तीन कारणं. आयफोनवर २०१० मध्ये आयओएस ४ येईपर्यंत बाहेरच्या ॲपला मागे चालताच येत नव्हतं. त्यानंतरही गाणी वाजवणं, इंटरनेटवरून कॉल, लोकेशन अशा मोजक्या कामांनाच मुभा मिळाली. अँड्रॉइडची सुरुवात उलट टोकाला झाली. तिथे कुणीही मागे कितीही वेळ चालू शकत होतं, आणि त्याची किंमत बॅटरी मोजत होती. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून लगाम आवळायला सुरुवात झाली, २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने मागे चालणाऱ्या सर्व्हिसला, म्हणजे ॲपच्या स्क्रीनशिवाय काम करणाऱ्या भागाला, काही मिनिटांचीच मुदत दिली, आणि त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक आवृत्तीत एखादी नवी गाठ पडत गेली. आज दोन्हीकडचा नियम सारखाच आहे: ॲप मागे गेलं की वेळेचा मालक फोन, ॲप नव्हे. हा नियम आम्हाला योग्यच वाटतो. आपल्या ॲपला सवलत मागताना आपल्याच फोनवर दुसरी पन्नास ॲप्स असतात, हे आपण विसरतो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहा. अँड्रॉइड फोन टेबलावर पडला आहे. चार्जर लावलेला नाही, स्क्रीन बंद आहे, फोन हलत नाही. काही वेळाने तो 'डोझ' नावाच्या अवस्थेत जातो. ॲपचं इंटरनेट तुटतं, साधे अलार्म पुढे ढकलले जातात, सिंक (फोन आणि सर्व्हरवरची माहिती जुळवून घेणं) थांबतं. अधूनमधून फोन थोडा वेळ जागा होतो, सगळ्या ॲप्सची तुंबलेली कामं एकदम उरकून घेतो आणि पुन्हा झोपतो. जितका जास्त वेळ पडून राहील, तितकं हे मधलं जागं होणं विरळ होत जातं. कुणी फोन हातात घेऊन स्क्रीन चालू केली की सगळं क्षणात पूर्ववत. "रात्रभर काही आलं नाही आणि सकाळी फोन उचलला तर एकदम ढीग आला," ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. सर्व्हर बिघडलेला नसतो.

शिवाय २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून फोन ॲप्सची वर्गवारी करतो. रोज उघडलं जाणारं ॲप पुढच्या गटात, क्वचित उघडलं जाणारं मागच्या गटात, आणि मागच्या गटाला मागे काम करायला वेळ कमी. तुमचं ॲप लोक महिन्यातून एकदाच उघडणार असतील, तर ते रोज रात्री नेमाने माहिती पाठवेल असं धरून कामाची आखणी करू नका.

सूचना, आठवण आणि सिंक

सूचनेसाठी ॲप मागे चालू असायची गरजच नसते. तुमचा सर्व्हर गूगलच्या किंवा ॲपलच्या सेवेला निरोप देतो आणि ती सेवा फोनपर्यंत पोचवते. तातडीचा म्हणून पाठवलेला निरोप डोझमधल्या अँड्रॉइड फोनलाही उठवू शकतो. पण वापरणाऱ्याला काहीच न दाखवणारे निरोप त्याच खुणेने वारंवार पाठवू लागलात, तर तुमच्या निरोपांचं प्राधान्य उतरवलं जाऊ शकतं आणि खऱ्या तातडीचा निरोपही रेंगाळतो. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, सूचना दाखवायलाही परवानगी विचारावी लागते. आयफोनवर ती पहिल्यापासून लागते. वापरणाऱ्याला न दिसता ॲपला जागं करणारे मूक निरोप आयफोनवर तासाला दोन-तीनपेक्षा जास्त पाठवू नयेत, असं ॲपल स्वतःच सांगतं. त्यामुळे 'दर मिनिटाला मूक निरोप पाठवून ॲप जिवंत ठेवू' हा उपाय आम्ही करत नाही.

ठरल्या वेळची आठवण आयफोनवर सोपी आहे. ती आधीच फोनकडे नोंदवून ठेवायची, मग ॲप चालू असो वा नसो. फक्त एका वेळी अशा ६४ नोंदीच राहू शकतात. अँड्रॉइडवर नेमक्या मिनिटाला वाजणाऱ्या अलार्मसाठी अँड्रॉइड १२ पासून वेगळी परवानगी आहे, आणि अँड्रॉइड १४ वर नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲप्सना ती सुरुवातीला नाकारलेलीच असते. घड्याळ किंवा दिनदर्शिका हाच मुख्य उपयोग असलेली ॲप्स यातून सुटतात. औषधाची आठवण देणारं ॲप असेल तर ही परवानगी मागणं रास्त आहे. "आज हिशेब भरा" अशी आठवण दहा मिनिटं मागेपुढे झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. तिथे आम्ही ही परवानगी मागणार नाही.

नोंदी सर्व्हरवर चढवायच्या तर अँड्रॉइडवर ठरावीक काळाने होणाऱ्या कामात कमीत कमी १५ मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं. १५ हे किमान आहे, हमी नव्हे. आयफोनवर तर अंतर सांगताच येत नाही. 'यानंतर कधीतरी' एवढंच कळवता येतं, आणि केव्हा ते फोन वापरणाऱ्याच्या सवयी पाहून ठरवतो. वेळ मिळतो तोही साधारण ३० सेकंदांचा. वापरणाऱ्याने लो पॉवर मोड लावला तर तेवढंही नाही. मोठे फोटो किंवा व्हिडिओ पाठवायचे असतील तर ते काम ॲपकडे न ठेवता फोनच्या प्रणालीकडे सोपवायची सोय आहे, ती आम्ही वापरतो. सिंकची परवानगी विचारणारी खिडकी नसते, म्हणून ग्राहकांना हे काम सर्वांत सोपं वाटतं. प्रत्यक्षात वेळेची खात्री इथेच सर्वांत कमी असते. यावरचा उतारा म्हणजे ॲप उघडताक्षणी राहिलेल्या नोंदी आधी पाठवायच्या आणि 'शेवटचं सिंक केव्हा झालं' हे स्क्रीनवर दाखवायचं.

लोकेशन: सर्वांत जास्त वाद इथेच

"सर्व वेळी" लोकेशनची परवानगी ग्राहकांना हवीच असते. आमचा अनुभव असा की बहुतेकांना ती लागत नाही.

अँड्रॉइड १० ने, म्हणजे २०१९ मध्ये, 'ॲप वापरात असताना' आणि 'सर्व वेळी' अशा दोन परवानग्या वेगळ्या केल्या. अँड्रॉइड ११ पासून परवानगी विचारणाऱ्या खिडकीत 'सर्व वेळी' हा पर्यायच दिसत नाही. तिथे वापरात असताना, फक्त या वेळी आणि नकार एवढंच असतं. पुढची परवानगी हवी असेल तर वापरणाऱ्याला सेटिंग्जच्या पानावर पाठवावं लागतं आणि त्याने तिथे स्वतः ती निवडावी लागते. या वाटेवर बरेच जण मागे फिरतात. आयफोनवर 'नेहमी' दिलेली परवानगीही कायमची नसते. आयओएस १३ पासून फोन मधूनच विचारतो: हे ॲप मागून तुमचं लोकेशन वापरत आहे, असंच चालू ठेवायचं का? सोबत कुठे कुठे वापरलं त्याचा नकाशाही दाखवतो. तो नकाशा पाहून भले भले दचकतात.

आता फिरतीवरच्या कर्मचाऱ्याचं उदाहरण घ्या. तो सकाळी ॲप उघडून 'काम सुरू' दाबतो. त्याच क्षणी, ॲप समोर असतानाच, अँड्रॉइडवर एक फोरग्राउंड सर्व्हिस (वापरणाऱ्याला सूचना दाखवत उघडपणे चालणारी सर्व्हिस) सुरू होते आणि 'तुमचं लोकेशन नोंदवलं जात आहे' अशी सूचना वर दिसू लागते. आता फोन खिशात गेला, दुसरं ॲप उघडलं, तरी नोंद चालू राहते, आणि तीही 'वापरात असताना' या परवानगीवरच. आयफोनवरही ॲप समोर असताना सुरू केलेली नोंद पुढे चालते. वर निळी खूण दिसत राहते. संध्याकाळी 'काम संपलं' दाबलं की नोंद बंद. कर्मचाऱ्याला आपण केव्हा दिसतो आणि केव्हा नाही हे कळतं, त्यामुळे त्याची कुरकुरही कमी होते. एक उणीव राहते: मध्येच ॲप बंद पडलं तर ते त्याने पुन्हा उघडावं लागतं.

'सर्व वेळी' खरोखर लागते ती कुणी काहीही न दाबता ॲपने जागं व्हावं अशा कामांना. उदाहरणार्थ, एखाद्या जागेजवळ पोचताच हजेरी लागणे. त्यालाही मर्यादा आहेत. आयफोनवर एका ॲपला अशा २० जागांवर लक्ष ठेवता येतं, अँड्रॉइडवर १०० जागांवर. शिवाय ॲप मागे असताना लोकेशन वापरायचं तर प्ले स्टोअरवर वेगळा अर्ज भरावा लागतो आणि ही सोय ॲपमध्ये कशी चालते त्याचा छोटा व्हिडिओ द्यावा लागतो. ॲपचा मुख्य उपयोग त्यावाचून अडत नसेल तर नकार येतो. वेळापत्रकात यासाठी जागा ठेवा.

परवानगी केव्हा आणि कशी मागायची

पहिल्यांदा ॲप उघडलं की एकामागून एक चार खिडक्या दाखवणं, हा नकार मिळवायचा हमखास मार्ग. आयफोनवर बहुतेक परवानग्या ॲपला एकदाच विचारता येतात. अँड्रॉइड ११ पासून दोनदा नकार मिळाला की खिडकी पुन्हा येतच नाही. म्हणून आम्ही परवानगी त्या कामाच्या क्षणी मागतो, आणि त्याआधी आपल्या शब्दांत कारण सांगणारी स्क्रीन दाखवतो.

ते कारण मात्र तुमच्याकडून यायला हवं. "उत्तम अनुभवासाठी लोकेशन आवश्यक आहे" हे कारण नाही. ॲपलचे तपासनीसही असली मोघम वाक्यं परत पाठवतात. "तुम्ही 'काम सुरू' दाबल्यापासून 'काम संपलं' दाबेपर्यंत तुमचं ठिकाण कार्यालयाला दिसेल, त्यानंतर दिसणार नाही" हे कारण आहे. असं वाक्य लिहिता येत नसेल, तर ती परवानगी मागायचीच का, याचा आधी विचार करू.

नकार मिळाला तरी ॲप चाललं पाहिजे. लोकेशन नाही तर पत्ता हाताने भरता यावा, सूचना नाहीत तर आत यादी दिसावी. अँड्रॉइडवर काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेतल्या जातात, त्यामुळे आज होकार दिलेला माणूसही उद्या या वाटेने येऊ शकतो.

आमच्या हातात नसलेलं

काही कंपन्या आपल्या फोनवर अँड्रॉइडच्या नियमांपलीकडे स्वतःची बॅटरी बचत घालतात. कुठे 'ऑटोस्टार्ट' (ॲपने आपणहून सुरू होणं) बंद असतो, कुठे न वापरलेली ॲप्स गाढ झोपेत टाकली जातात. एकच ॲप एका फोनवर व्यवस्थित चालतं आणि शेजारच्या फोनवर गप्प बसतं, त्यामागे बरेचदा हे कारण असतं. यावर कोडमधून खात्रीचा तोडगा नाही. सेटिंग्जमध्ये काय बदलायचं हे पायरीपायरीने दाखवणारं मदतीचं पान आम्ही ॲपमध्ये देतो. बॅटरीच्या बंधनातून सूट द्या असं ॲपने थेट विचारायला प्ले स्टोअर मोजक्याच प्रकारच्या ॲप्सना परवानगी देतं.

दुसरी गोष्ट सवयीची. अँड्रॉइडवर कुणी सेटिंग्जमध्ये जाऊन 'फोर्स स्टॉप' केलं, तर ॲप पुन्हा हाताने उघडेपर्यंत अलार्म, सिंक, निरोप सगळं बंद. आयफोनवर ॲप वर सरकवून काढून टाकलं की मागचं सिंक आणि मूक निरोप थांबतात. दिसणाऱ्या सूचना मात्र येत राहतात. ॲप्स अशी झाडून टाकल्याने बॅटरी वाचते हा समज पक्का रुजलेला आहे. तुमच्या कर्मचाऱ्यांना एवढं एक वाक्य सांगा: कामाचं ॲप झाडू नका.

ॲप ताब्यात घेताना तपासणी

बैठकीतलं प्रात्यक्षिक पाहून मागच्या कामांबद्दल मत बनवू नका. तिथे फोन केबलला जोडलेला असतो, स्क्रीन चालू असते, आणि अशा फोनला डोझ लागतच नाही. आम्ही ती अवस्था कमांड देऊन मुद्दाम आणतो आणि तपासतो, पण तुमच्याकडेही एक रात्र जाऊ द्या. चार्जर काढा, स्क्रीन बंद करा, फोन हलवू नका, आणि सकाळी फोन उचलण्याआधी सर्व्हरवर काय काय पोचलं ते पाहा. फोन तुमचे लोक रोज वापरतात तसलाच घ्या, कार्यालयातला नवा कोरा महागडा नको.

नियम दरवर्षी बदलतात. अँड्रॉइड १४ पासून प्रत्येक फोरग्राउंड सर्व्हिसचा प्रकार जाहीर करावा लागतो, आणि अँड्रॉइड १५ वर माहिती सिंक करणाऱ्या अशा सर्व्हिसला २४ तासांत ६ तासांचीच मुभा आहे. जुन्या नियमांवर थांबून राहता येत नाही. ॲपचं अपडेट अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीचे नियम धरून बनवलेलं असावं अशी प्ले स्टोअरची अट आहे, आणि २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षी तिची मुदत ३१ ऑगस्ट होती. आमच्या वार्षिक देखभाल करारात मागच्या कामांची ही फेरतपासणी धरलेली असते. ॲप दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेलं असेल, तर हे काम कुणाच्या खात्यात आहे ते त्यांना लेखी विचारून ठेवा.