रात्री ऑक्सिजन नव्हे, आम्ल!

'रात्री ऑक्सिजन देणारी झाडं' असा एक संदेश दर काही महिन्यांनी फिरत फिरत माझ्या फोनवर येतो. यादी थोडीफार बदलते, पण कोरफड, स्नेक प्लांट आणि जेड ही मंडळी ठरलेली. खाली 'नासाने सिद्ध केलंय' असा शिक्का. मागे हाच संदेश वाचून एका मैत्रिणीने तिचं जेड उन्हाच्या खिडकीतून उचललं आणि पलंगाशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. दोन महिन्यांत त्याच्या फांद्या लांबलचक, फिकट आणि लुळ्या झाल्या, खालची पानं गळून पडली. ते झाड बघून मला खरोखर वाईट वाटलं. कारण रात्री त्या पानांत एक विलक्षण गोष्ट घडते हे अगदी खरं आहे. फक्त ती ऑक्सिजनची नाही.

आधी झाडाची ओळख पटवू. जेड या नावाने दोन वेगळी झाडं ओळखली जातात आणि दोन्ही आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची आहेत. मोठ्या, जाड, तुकतुकीत पानांचं ते क्रासुला ओव्हाटा. दुसऱ्याची पानं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, गोलसर, समोरासमोर जोडीने येणारी, आणि कोवळं खोड लालसर तपकिरी. हे पोर्टुलाकारिया आफ्रा. मी लिहितेय ते या दुसऱ्याबद्दल. आफ्रिकान्स भाषेत त्याला स्पेकबूम म्हणतात, म्हणजे चरबीचं झाड. शास्त्रीय नावाचा अर्थ 'पोर्टुलाकासारखं', आणि पोर्टुलाका म्हणजे आपली घोळ. पानं शेजारी ठेवून बघा, नाव का पडलं ते लगेच कळेल. कुंडीत वीतभर दिसणारं हे झुडूप दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतात दोन-चार मीटर उंच वाढतं आणि डोंगरउतार झाकून टाकतं. तिथे पाऊस थोडा, आणि त्याचा भरवसाही नाही.

अशा जागी झाडापुढे एक मोठा पेच असतो. पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइड पानात येतो हे शाळेत शिकलोय आपण. पण ज्या दारातून तो आत येतो, त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. पानाच्या आतली हवा बाष्पाने भरलेली, बाहेरची कोरडी, म्हणून वाफ धावत सुटते. उलट कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेत जेमतेम ०.०४ टक्के, त्यामुळे तो रमतगमत येतो. साध्या झाडाला एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवण्यासाठी ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमवावं लागतं. कोरड्या प्रदेशात हे कसं परवडणार?

स्पेकबूमसारखी झाडं यावर तोडगा काढतात तो असा: दार रात्री उघडायचं. रात्री हवा गार असते, दमट असते, वाफ कमी जाते. एका ग्रॅमचा खर्च ५० ते १०० ग्रॅम पाण्यावर येतो.

पण रात्री ऊन नाही, मग साखर बनवायची कशी? आणि तोवर हा वायू ठेवायचा कुठे? इथून पुढची गोष्ट मला आवडते. पानाच्या पेशींत पेप कार्बोक्सिलेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. आत आलेला कार्बन ते तीन कार्बनच्या एका रेणूला जोडतं. चार कार्बनचा नवा रेणू तयार होतो आणि पुढच्याच पायरीवर त्याचं मॅलिक आम्ल होतं. कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देतं तेच हे आम्ल. रात्रभर ते पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या मधोमध असलेल्या भल्यामोठ्या पिशवीत, साठत जातं. मांसल पान म्हणजे पाण्याची टाकी असं आपण समजतो. ती आम्लाचीही टाकी आहे, आणि दोन्ही कामांसाठी रिक्तिका मोठी हवी, म्हणून पान जाड.

सकाळ झाली की दारं बंद. आम्ल हळूहळू रिक्तिकेतून बाहेर येतं, फुटतं, आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड बंद पानाच्या आत मोकळा होतो. आता ऊन आहे. रुबिस्को हे नेहमीचं विकर तो पकडतं आणि साखर बनवायला लागतं. रुबिस्कोची एक खोड अशी की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजनला पकडतं आणि झाडाचं नुकसान करतं. पण बंद पानात कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी होते, बाहेरच्या हवेच्या कित्येक पट, की या चुका खूप कमी होतात.

आता यात एक अडचण आहे. दिवसा आम्लातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड पेप कार्बोक्सिलेजने परत पकडला तर? एका हाताने सोडायचं आणि दुसऱ्या हाताने धरायचं, नुसती ऊर्जा वाया. म्हणून दिवसा त्या विकराला गप्प बसवावं लागतं. हे काम मॅलिक आम्ल स्वतःच करतं: ते विकराला चिकटून त्याला मंदावतं. मग रात्री आम्ल साठत असताना तेच विकर कसं चालतं? रात्री एक दुसरं विकर, कायनेज, त्याला फॉस्फेटचा एक गट जोडतं. हा गट असेपर्यंत पेप कार्बोक्सिलेजला आम्लाचा फारसा त्रास होत नाही. आणि हे कायनेज कधी तयार व्हायचं, ते पानातलं जैविक घड्याळ ठरवतं. अशा वनस्पतींची पानं सतत एकसारख्या उजेडात किंवा अंधारात ठेवली तरी ही लय काही दिवस चालू राहते. बाहेरचा सूर्य दिसेनासा झाला तरी पानाला अंदाजे वेळ कळत असते! हा परिच्छेद किचकट झाला असेल तर एवढंच लक्षात ठेवा: गाडी रात्री एका दिशेने आणि दिवसा उलट दिशेने चालते, आणि सांधे बदलणारं घड्याळ पानातच आहे.

ही गोष्ट लक्षात आली ती जिभेमुळे. बेंजामिन हाइन हे भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी पानफुटीची पानं चावून पाहिली, तर सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. १८१५ साली त्यांचं हे निरीक्षण लंडनच्या लिनीयन सोसायटीने छापलं. पानफुटी मूळची मादागास्करची, आणि क्रासुलाच्याच कुळातली. म्हणून या सगळ्या प्रकाराला पुढे क्रासुलेशियन आम्ल चयापचय असं नाव मिळालं, इंग्रजी आद्याक्षरांनी 'कॅम'.

आता त्या संदेशाकडे वळते. झाडं जो ऑक्सिजन सोडतात तो पाण्याचा रेणू फुटून येतो. १९४१ साली सॅम्युएल रुबेन आणि मार्टिन कामेन यांनी जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच वजनाने जड प्रकार) असलेलं पाणी शेवाळाला देऊन हे दाखवलं. पाणी फोडायला प्रकाश लागतो. अंधारात ते होत नाही, कॅम झाडांतही नाही. रात्री ती कार्बन डायऑक्साइड आत घेतात एवढ्यावरून 'म्हणजे ऑक्सिजन सोडत असणार' असा निष्कर्ष कुणीतरी काढला आणि तो पसरला. प्रत्यक्षात रात्री हे झाडही श्वसनासाठी थोडा ऑक्सिजन वापरतंच. तो इतका अत्यल्प असतो की 'खोलीत झाड ठेवलं तर रात्री गुदमरायला होईल' ही उलट दिशेची भीतीही तितकीच निराधार. आणि नासाचं म्हणाल, तर १९८९ चा तो अभ्यास बंद पेटीतल्या बेंझीन, फॉर्माल्डिहाइडसारख्या प्रदूषकांबद्दल होता. रात्रीचा ऑक्सिजन हा त्याचा विषयच नव्हता.

स्पेकबूमची खासियत याच्याही पुढे आहे. ते कायम कॅम पद्धतीने जगत नाही. पाणी मुबलक असेल तेव्हा ते साध्या झाडासारखं दिवसा दारं उघडतं आणि भराभर वाढतं. पाणी तुटलं की काही आठवड्यांत रात्रपाळीवर जातं. इर्विन टिंग आणि झॅक हॅन्सकॉम यांनी १९७७ साली हा बदल नोंदवला. दुष्काळ आणखी लांबला तर दारं रात्रीही बंद होतात. मग आत श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइडच आम्लात साठवायचा आणि दिवसा वापरायचा. वाढ शून्य, पण जीव टिकून.

हे घरीही बघता येतं. माझ्या झाडाला नियमित पाणी देत होते तेव्हा सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला एकेक पान चुरडून त्याचा रस पीएच पट्टीवर टेकवला. रंगात फरक किरकोळ. मग एक महिना पाणी बंद ठेवून पुन्हा तेच केलं. सकाळची पट्टी आम्लाचा रंग दाखवत होती, संध्याकाळची त्याहून स्पष्टपणे सौम्य होती. पान तेच, खिडकी तीच. त्या दोन पट्ट्या वहीत चिकटवून ठेवल्या आहेत. प्रयोग पट्टीवरच करा, जिभेवर नको. क्रासुलाचं पान खाण्याजोगं नसतं आणि जेड म्हणून आपल्याकडे कोणतं झाड आहे याची खात्री नसते.

निगेचे बहुतेक नियम यातूनच निघतात. ऊन हवंच, कारण रात्री साठवलेल्या आम्लाची साखर उन्हातच होते. रोज चार-सहा तास थेट ऊन मिळालं तर पेरं आखूड राहतात आणि पानं दाट येतात. सावलीतून उन्हात नेताना आठ-दहा दिवस घ्या, नाहीतर पानं भाजतात. कडाक्याचं हिमदव त्याला सोसत नाही. माती निचऱ्याची हवी: निम्मी भरड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, निम्मी माती आणि खत, आणि कुंडीला तळाशी भोक. खत जास्त नको. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात कापसासारखे दिसतात, ते ओल्या बोळ्याने पुसून काढावेत. फांदी पेरावर छाटली की समोरासमोरच्या दोन पानांच्या बगलेतून दोन नव्या फांद्या फुटतात, म्हणून बोन्साय करणाऱ्यांचं हे लाडकं झाड आहे.

फांदीपासून नवं झाड करणं तर हत्तींकडून शिकावं. पूर्व केपमध्ये अॅडो हत्ती उद्यान १९३१ साली स्थापन झालं तेव्हा तिथे ११ हत्ती उरले होते, आज सहाशेहून अधिक आहेत, आणि स्पेकबूम हे त्यांचं आवडतं खाद्य. हत्ती वरून ओरबाडतो. मोडलेल्या फांद्या खाली पडतात, जमिनीला टेकलेल्या खालच्या फांद्या शाबूत राहतात, आणि दोन्हींना मुळं फुटतात. शेळ्या खालून खातात, त्यामुळे तो जमिनीलगतचा घेरच नाहीसा होतो. शेळ्यांच्या अतिचराईने तिथली लाखो हेक्टर झाडी उजाड झाली. ती पुन्हा उभी करण्यासाठी फांद्या लावण्याचं काम चालू आहे आणि ते मोलाचं आहे. पण त्यावरून 'स्पेकबूम लावा, हवामानबदल थांबवा' असा जो गाजावाजा होतो तो मला पटत नाही. कुंडीतलं झाड वर्षात २०० ग्रॅम सुक्या वजनाने वाढलं, म्हणजे चांगलंच वाढलं, असं धरू. त्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड जेमतेम ३३० ग्रॅम भरेल. माणूस दिवसाला साधारण एक किलो बाहेर टाकतो.

घरी फांदी लावताना ती कापून लगेच मातीत खुपसू नका. सावलीत चार-पाच दिवस पडू द्या. कापलेली जागा सुकून तिच्यावर खपली धरली की बुरशी आत शिरत नाही. मग कोरडसर मातीत उभी करा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. दारं बंद करून जगायची सोय तिच्याकडे आहे, ती मरत नाही.

पाण्याचं वेळापत्रक ठरवूच नका, पान दाबून बघा. पान टणक असेल तर पाणी नको, मऊ पडून बारीक सुरकुत्या आल्या की द्या, आणि द्याल तेव्हा तळाच्या भोकातून वाहेपर्यंत. दोन-तीन दिवसांत पान पुन्हा भरतं. माती ओली असूनही पानं सुरकुतलेलीच राहिली, तर आणखी पाणी घालू नका. मुळांना हवा मिळाली नाही म्हणून ती सडली आहेत आणि पाणी वर चढत नाही, असं समजा. वरच्या टणक फांद्या कापा, सावलीत सुकवा आणि नव्या मातीत लावा. मैत्रिणीच्या झाडाच्या तीन फांद्या मी तशाच लावल्या. दोन जगल्या, आणि आता दोन्ही तिच्या उन्हाच्या खिडकीत आहेत.